नवसाच्या घोड्यांतली दारू

कातळगडाच्या बुरुजांवर तांबडे फुटले तेव्हा तोफा जागच्या जागी होत्या, गोलंदाज उभे होते, पण दारूचे कोठार मात्र झाडून रिकामे झाले होते. गनिमाचा आणखी एक हल्ला, की गड गेलाच! उरलीसुरली आशा त्या घटकेला पायथ्याच्या कुंभारवाड्यातून डोक्यावर मातीचे घोडे घेऊन वर चढत होती.

वेढा घालणाऱ्या खानाच्या फौजेतही गडदेवीला भिणारे शिपाई होते, म्हणून नवसाचे घोडे वर नेण्यास त्याने मनाई केली नव्हती. सटवोजी कुंभाराने त्याच भाजलेल्या घोड्यांच्या पोटांत दारू ठासून भोके लिंपली होती. पुढचे दोन तेवढे पोकळ होते.

खानाच्या चौकीवर सटवोजीने आणि कुंभारवाड्यातल्या बायांनी डोक्यावरचे घोडे उतरवले. जमादाराने नेमके पुढचे दोन भाल्याच्या दांड्याने वाजवले. खणखणीत आवाज आला.

"जा," तो म्हणाला.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि तिथेच घात झाला. भागाईच्या, म्हणजे आपल्या बायकोच्या, डोक्यावर घोडा चढवताना सटवोजीच्या बोटाने त्यावर टिचकी मारली. जन्मभर प्रत्येक मडके वाजवूनच गिऱ्हाइकाला देणारा तो हात. त्याला गुपित कोण सांगणार! आवाज बद्द आला.

"थांब! हा का वाजत नाही?"

"कच्चा राहिला असंल, सरकार. देवीला चालायचा न्हाई."

"मग फोड इथेच. माझ्यासमोर."

सटवोजीने तो घोडा काखेत घेतला आणि स्वतःचा भागाईच्या डोक्यावर दिला. "समद्यास्नी घेऊन तू हो म्होरं. ह्यो मोडतो नि आलोच."

भागाईने जमादाराच्या पायाशी पेटलेली शेकोटी पाहिली, मग नवऱ्याकडे पाहिले. काळीज फाटले, पण पाय थांबले नाहीत.

"या," एवढेच ती म्हणाली.

बाया गडाच्या दरवाजाच्या हाकेच्या अंतरावर पोचल्या, तेव्हा देवीची माफी मागत वेळ काढणाऱ्या सटवोजीने घोडा दोन्ही हातांनी उचलून शेकोटीत आपटला. चौकी, जमादार आणि तो अभागी, थोर कुंभार एकाच धडाक्यात नाहीसे झाले. दरवाजा उघडला, घोडे आत गेले, आणि त्याच दिवशी गडाच्या तोफा पुन्हा बोलू लागल्या.

वेढा उठल्यावर किल्लेदार हैबतराव स्वतः कुंभारवाड्यात आले. "बाई, इनाम मागा. गाव मागा."

"त्यांचं काई गावलं का, सरकार?"



देह नसेल तर दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यावा, असे भटजींनी सांगितले. भागाईने दर्भ बाजूला सारला, माती मळली, हातभर पुतळा घडवून तो उन्हात वाळवला आणि चितेवर ठेवला. राख सावडायला गेलेली माणसे थबकली. लाकडे जळून गेली होती. पुतळा भाजून लाल, अखंड पडला होता.

"नदीत सोडा," भटजी गडबडून म्हणाले.

भागाईने तो पदरात घेतला.

"न्हाई. एकदा गेलं तेवढं बास."