रिकाम्या पाटावरचा हुंकार

ही खरी गोष्ट आहे. पटत नसेल तर म्हशाजवळच्या आमच्या गावी या. सकुबाई अजून धडधाकट आहेत, त्यांनाच विचारा.

साल २००१. पौषातल्या म्हशाच्या जत्रेचा दिवस, भर दुपार. अख्खं गाव जत्रेला गेलेलं. कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं.

मागे राहिले होते एकटे जयराम मास्तर.

तालुक्यातल्या नव्या लिहिणाऱ्यांच्या अद्भुत कथा-कविता निवडून मास्तर पुस्तक काढत होते. छापखान्यातून शेवटच्या पानांची प्रुफं तपासायला आली होती, उद्या परत द्यायची होती. मास्तरांची पद्धत ठरलेली. छापलेलं ते मोठ्यानं वाचायचे. समोर पाटावर त्यांची बायको धोंडूबाई हातानं लिहिलेले मूळ कागद घेऊन बसायची आणि ओळीओळीला "हं" म्हणायची. चूक आली की मात्र लगेच, "थांबा, हितं असं नाय." शाळा चौथीपर्यंतची, पण नजर घारीची.

दिवाळीच्या तोंडावर धोंडूबाई गेली.

आमच्याकडे म्हणतात, हुंकार द्यायला माणूस नसेल तर गोष्ट मोठ्यानं सांगू नये. मास्तर असल्या बोलण्याला हसायचे. सवयीनं त्यांनी पाट मांडला, वर कागद ठेवले आणि वाचायला लागले. रिकाम्या पाटाकडे बघवत नव्हतं, म्हणून मान खाली.

पहिली कथा झाली. दुसरी सुरू झाली.

आणि...

"हं."

अगदी हळू. मास्तरांनी मान वर केली. पाट रिकामाच. पण कागद...

कागद उलटलेले होते. मास्तर वाचत होते बरोबर त्याच पानापर्यंत.

वारा म्हणावा, तर दार-खिडकी बंद.

"धोंडू?"

त्यांनी पुढची ओळ वाचली.

"हं."

मास्तरांच्या डोळ्यांना धार लागली. तीन महिन्यांत पहिल्यांदाच घरात कोणीतरी त्यांचं ऐकत होतं. कथा संपली, कविता आली. मग त्यांना वाटलं, तिचे दोन शब्द तरी ऐकावेत. कवितेत 'विहीर' होती, त्यांनी मुद्दाम 'डोंगर' वाचलं. आता ती थांबवणार...

"हं."

पुढची अख्खी ओळच चुकीची वाचली.

"हं."

मास्तरांच्या अंगावर सरसरून काटा आला. धोंडूबाईनं आयुष्यात सुटलेला एकही काना माफ केला नव्हता.

तेवढ्यात जत्रेहून परतलेल्या शेजारच्या सकुबाईंनी दार ढकललं.

"मास्तर, पावनं कोन आलंय? हं हं करतंय, पार अंगनात ऐकू येतंय." मग त्यांनी पाट पाहिला आणि आवाज खाली आणला. "वयनी... हायेत का?"

"नाय. ती नाय."

"मंग वाचू नका! उठा, माज्या घरी चला."

मास्तरांनी पाटाकडे पाहिलं.

"कोन का असंना, सकू. ऐकतंय ना."

आणि त्यांनी पुढचं पान उलटलं.

पुस्तक निघालं. माझ्याकडे एक प्रत आहे. शेवटच्या चाळीस पानांत एकही चूक सुधारलेली नाही. घरी एकटा असलो, की मी ते मनातल्या मनातच वाचतो.