काथ्याच्या सात गाद्या

माझा धंदा लोकांना बसवण्याचा. बसवण्याचा म्हणालो, फसवण्याचा नाही. तेवढा फरक ध्यानात असू द्या. आमच्या स्टेडियमचा पूर्वेकडचा स्टँड नुसता सिमेंटच्या पायऱ्यांचा. दुपारभर तापलेल्या पायरीवर दोन तास बसून बघा, म्हणजे माझ्याकडे गिऱ्हाईक का यायचं ते कुणी समजावून सांगायला नको. फाटकाशी टेबल मांडायचं, भाड्यानं गादी द्यायची, आणि मॅच संपली की वर फिरून गोळा करायची. शाळा माझी सातवीत सुटली. पुढचं शिक्षण त्या फाटकाशीच झालं. माणूस गादी कशी हातात घेतो त्यावरून तो ती परत कशी देईल, हे मी आजही सांगतो.

आणि स्टेडियम म्हणजे आमच्याकडे नुसतं फुटबॉलचं मैदान नव्हे. मागच्या गल्लीतला न्हावी दाढी करता करता नुसत्या आवाजावरून सांगायचा, गोल कुणी केला. आपल्या संघावर झाला असला तर वस्तरा बाजूला ठेवायचा, म्हणायचा, "आत्ता नको, माझा हात माझा नाही." लग्नाची तारीख धरताना मुलीकडचे आधी सामन्यांचं वेळापत्रक मागायचे. नदीला मोठा पूर आला त्या वर्षी अर्धं शहर आठ दिवस याच पायऱ्यांवर राहिलं. माझी मेव्हणी तेव्हा दिवस भरलेली. खेळाडूंच्या कपडे बदलायच्या खोलीत बाळंत झाली. मुलगा झाला, आणि पुढे तोच आमच्या संघाचा गोलकीपर, म्हणजे गोली झाला. आता याला काय म्हणायचं ते तुम्ही म्हणा.

मॅच संपली की मी पायरीपायरीनं ओरडत जायचो, "उठा मंडळी, गाद्या द्या! गाद्याऽऽ!" लोक चेष्टा करायचे, पंचाच्या शिट्टीनं मॅच संपत नाही, गादीवाला ओरडला की संपते. खोटं नव्हतं. शिट्टीनंतरही माणसं वाद घालत बसायची. माझी हाक आली की उठायची.

आता पुढचं. हे मी बायकोलाही पंधरा वर्षं सांगितलं नव्हतं.

धंद्याच्या दुसऱ्याच वर्षी एका अटीतटीच्या सामन्यात, शेवटची पाच मिनिटं उरलेली असताना, आमच्या संघानं गोल केला. सगळा स्टँड पुढे धावला आणि कठडा तुटला. सात माणसं खाली गेली, एकही वाचलं नाही. मॅच तिथंच थांबली. शिट्टी झाली नाही, आणि मीही ओरडलो नाही; मी फाटकाशी भिंतीला पाठ लावून उभा होतो.

दुसऱ्या दिवशी मला गाद्या न्यायला बोलावलं. कठड्याजवळ सात पडल्या होत्या. मी त्या घरी आणल्या, धुतल्या, तीन दिवस उन्हात वाळवल्या, नव्या खोळी घातल्या आणि पुढच्या मॅचला भाड्यानं दिल्या. पोट अडलं होतं असं नाही. चांगला माल टाकवला नाही, इतकंच. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक मी स्वच्छ धुऊन, इस्त्री करून केली.

बरीच वर्षं काही झालं नाही. जुन्या काथ्याच्या गाद्या एकेक करून फाटल्या, मी फोमच्या केल्या. शेवटी काथ्याच्या सातच उरल्या. त्या झिजतच नव्हत्या. मला वाटलं, माल पक्का आहे.

मग एकदा मॅच संपून स्टँड रिकामा झाल्यावर एक रिटायर मास्तर बसलेले दिसले. समोर मोकळं मैदान, आणि हे टक लावून बघतायत.

"मास्तर, संपली मॅच."

"श्श... बसा हो खाली. दिसत नाही."

मी काखेत हात घालून त्यांना उठवलं, खालची गादी ओढली. बोटांना काथ्या टोचला. मास्तर भानावर आले आणि उलट मलाच म्हणाले, "काय हो, अंगाशी काय झटता?" त्यांना काही आठवत नव्हतं.

दुसऱ्या खेपेला पोस्टातला एक माणूस. मी खालच्या पायऱ्यांवर होतो. तो वरून अचानक उठला, दोन्ही हात वर करून धावत आला आणि नव्या कठड्यावरून सरळ पलीकडे गेला. दोन्ही पाय मोडले. स्टेडियमचा चौकीदार माझ्याबरोबर होता. त्याला सगळे मेजर म्हणत. पलटणीत तो एक दिवस नव्हता, मिशी होती फक्त. मेजरनं घड्याळ बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"सहा दहा," तो म्हणाला. "शेठ, त्या दिवशीही सहा दहाच झाले होते. मीच वेळ लिहून दिली होती."

पोस्टवाल्याची गादी मी उचलून बघितली. काथ्या.

त्याच रात्री सातही गाद्या बाजूला काढल्या. जाळायला हव्या होत्या. काडेपेटी हातात घेऊन अंगणात उभासुद्धा राहिलो. पण जन्मभर ज्यानं सुतळीचा तुकडा फेकला नाही, त्याचा हात तिथं कसा चालावा? मी त्या पोत्यात भरल्या, घरच्या माळ्यावर टाकल्या आणि स्वतःला सांगितलं, प्रश्न मिटला.

चार वर्षांनी आमच्या गोलीची पहिली मोठी मॅच आली. माझ्या बायकोनं लग्नानंतर एकही सामना बघितला नव्हता. म्हणायची, "बावीस जण एका चेंडूमागे धावतात, एकेकाला एकेक घेऊन का देत नाही?" पण बहिणीचा मुलगा खेळणार म्हटल्यावर दुपारीच तयार झाली. मी फाटकाशी होतो, गर्दी तोबा. ती कधी आत गेली मला कळलंही नाही.

मॅच जिंकलो. मी नेहमीप्रमाणे ओरडलो, गाद्या गोळा केल्या, टेम्पोत चढवल्या. स्टँड रिकामा झाला. ऊन पश्चिमेच्या छपरामागे गेलं होतं, आणि पायऱ्यांवर ती राखी सावली पसरली होती जिच्यात लांबचं माणूस ओळखू येत नाही. मेव्हणी खाली माझी वाट बघत होती.

"भावजी, ताई कुठाय? म्हणाली, तू हो पुढे, मी येते. किती वेळ झाला."

"गादी तिनं कुठली घेतली?" मी सहज विचारलं.

"घरचीच की. माळ्यावर पोतंभर पडल्यात म्हणाली, आमच्या दादल्याला काडीची अक्कल नाही. एकीला नवी खोळ शिवून आणली तिनं."

घड्याळात सहा वाजून एक मिनिट झालं होतं.

त्या पायऱ्या मी रोज चढत होतो. त्या दिवशी किती होत्या सांगता येणार नाही. ती मधल्या रांगेत बसली होती, पदर नीट, हात मांडीवर, नजर मैदानावर.

"अगं, चल. उशीर झाला."

तिनं माझ्याकडे बघितलं. बसमध्ये शेजारच्या अनोळखी माणसाकडे बघतात, तसं.

"पुढून सरका जरा. शेवटची दहा-पंधरा मिनिटं राहिलीत."

"अगं, मी आहे..."

"मी कारखान्यातून थेट आलो," माझी बायको म्हणाली. आवाज तिचाच. "जेवलोसुद्धा नाही. सरका..."

मी गादीला हात घातला. मास्तरांच्या खालची सहज निघाली होती; ही सिमेंटला शिवल्यासारखी बसली होती. तिच्या काखेत हात घालून उचलायला गेलो. पन्नास किलोची बाई, पण ओल्या वाळूचं पोतं उचलतोय असं वाटलं. सहा पाच. हवेत संत्र्याच्या सालींचा वास यायला लागला, घामाचा, आणि भिजलेल्या काथ्याचा. स्टँड रिकामा होता. तरी माझ्या पाठीमागे कुणीतरी खोकलं. मग डावीकडे कुणी पायरीवर पाय आपटला. मग खूप लांबून, विहिरीच्या तळातून यावा तसा, हजारो माणसांचा आवाज चढायला लागला.

मी घाबरलो नाही म्हणालो तर खोटं होईल. पण खरं सांगतो, मला भीतीपेक्षा राग आला होता, माझा स्वतःचा. मनात एवढंच पक्कं होतं, ही इथून खाली जाणार ती पायऱ्यांनी जाणार, माझ्याबरोबर जाणार. नाही तर दोघंही कठड्यावरून. मी तिच्या कमरेला मिठी मारली आणि पायरीच्या कडेला टाचा रोवल्या.

सहा आठ... सहा नऊ...

आवाज डोक्यावर आला आणि फुटला. गोल! तिचे दोन्ही हात वर गेले. ती उठली, आणि मला लटकतं ओझं घेऊन चालावं तशी चालायला लागली. एक पायरी. दुसरी. माझे गुडघे सिमेंटवर सोलत होते. आजूबाजूनं कुणीकुणी पुढे जात होतं. दिसत नव्हतं, पण वारा लागत होता, खांदे घासत होते. कठडा पाच पावलांवर राहिला.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की या लोकांची मॅच कधी संपलीच नाही. शिट्टी झाली नव्हती. ती मी कुठून आणणार? पण दुसरी एक गोष्ट त्या दिवशी राहिली होती, ती माझ्याकडून राहिली होती.

मी तिला सोडलं. हो, सोडलं. धावत पुढे गेलो, कठड्याला पाठ लावून दोन्ही हात पसरले आणि त्या सगळ्या गलक्यावर, होता नव्हता तेवढा श्वास लावून ओरडलो,

"उठा मंडळी, गाद्या द्या! गाद्याऽऽ! मॅच संपली! चला, गाद्या द्या!"

गलका मधेच कापल्यासारखा थांबला.

बायको माझ्यापासून हातभर अंतरावर उभी. तिच्या मागे अंधारत चाललेला रिकामा स्टँड. आणि माझ्या पायाशी, काहीही दिसत नसताना, मऊ काहीतरी पडल्याचा आवाज झाला. धप्प. मग त्यावर दुसरा. सावकाश, एकेक करून, माणसं रांगेनं येऊन ठेवतात तसे. मी मोजले. सहा झाले. मग माझी बायको वळली, वर जाऊन आपली गादी उचलून घेऊन आली. आता ती अलगद निघाली. ती तिनं माझ्या हातात दिली.

"घ्या," ती म्हणाली. मग डोळे चोळले. "अहो... रडताय काय? जिंकला ना आपला पोरगा?"

"जिंकला," मी म्हणालो. "चल. माझा हात धर. मागं बघू नको."

आम्ही उतरलो. मागून पावलं येत होती, घाई नाही, धक्काबुक्की नाही; मॅच संपल्यावर माणसं गप्पा मारत, चप्पल घासत उतरतात तशी. बायकोनं ती ऐकली. तिच्या बोटांवरून मला कळलं.

बाहेर पडायच्या वाटेवर लोखंडी फिरतं दांडकं आहे. एका वेळी एक माणूस. आत दातेरी चाक असल्यामुळे ते बाहेरच्याच बाजूला फिरतं. उलटं फिरवायला गेलात तर हात मोडेल, दांडकं हलणार नाही. आधी तिला काढलं, मग मी निघालो. वळून उभा राहिलो. मला बघायचंच होतं. मेव्हणी मेजरला हुडकायला पुढच्या दाराकडे गेली होती. तिथं आम्ही दोघंच.

दांडकं फिरलं. कट्. समोर कुणी नाही. पुन्हा, कट्. तिसऱ्यांदा फिरलं तेव्हा कारखान्यातल्या तेलाचा वास आला आणि गेला. मी हात जोडून उभा राहिलो. मनातल्या मनात प्रत्येकाची माफी मागत होतो. चार. पाच. सहा. मग जरा वेळ गेला... आणि सातवं, कट्.

बायको माझ्या दंडाला धरून उभी होती. मी तिथंच, कागदावर सही केल्यासारखं, तिला सगळं सांगून टाकलं. गाद्या, धुणं, माळा, काडेपेटी. तिनं ऐकून घेतलं. एवढंच म्हणाली, "घरी गेल्या गेल्या जाळायच्या. मी काडी ओढते, तुम्ही नुसते बघा."

"जाळू," मी म्हणालो. छाती हलकी झाली होती. हातातली गादी बगलेत मारली आणि निघायला वळलो.

मागे आवाज झाला. कट् नव्हे. दातेरी चाकावर जोर पडून ते दात मोडत फिरावं तसा, लांब, करकरता.

दांडकं उलटं फिरत होतं. आतल्या बाजूला. अर्धा फेरा घेऊन ते थांबलं, जरा हललं, आणि मग आतल्या सिमेंटवरून वर चढत जाणारी पावलं ऐकू आली. एकाच माणसाची. सावकाश.

मी घसा खाकरला. ओरडायला तोंड उघडलं.

बायकोनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

"त्याला कशाला हाक मारता?" ती अगदी हळू म्हणाली. "सातही बाहेर गेले. हा आठवा, आपलं गिऱ्हाईक नाही... त्यानं गादी घेतलीच नाही."