नानांचं एक्केचाळिसावं फोल्डर

धुळ्याहून रूही पहिल्यांदाच एकटी कामावर निघाली होती, आणि काम तसं साधंच होतं. अमळनेरच्या एका तेलगिरणीची जुनी मेल नव्या मशीनवर न्यायची. मेलमध्ये दिसणाऱ्या प्रत्येक फोल्डरची डिस्कवर एक डिरेक्टरी असते, आणि मराठी नावांची तिथं मशीननं पार भेळ केलेली असते. कुठलं फोल्डर म्हणजे कुठली डिरेक्टरी, याच्या जोड्या लावायच्या, बस्स. पाचच्या आत दोन्हीकडचे आकडे जुळले, तर यापुढं अशी कामं तिची. नाही जुळले, तर उद्यापासून पुन्हा ऑफिसात फोन उचलत बसायचं. धुळ्याच्या साहेबांनी हे अगदी गोड आवाजात सांगितलं होतं, म्हणजे ते खरंच होतं.

चारपर्यंत सगळं बरं चाललं. मग हेडक्लार्क बन्सीलाल नानांच्या खात्याशी घोडं अडलं. मेलमध्ये फोल्डर एक्केचाळीस, डिस्कवर डिरेक्टऱ्या चाळीस. 'स्वतः पाहणे' नावाच्या फोल्डरला डिस्कवर जोडीची डिरेक्टरीच नव्हती. बरं, ते रिकामंही नव्हतं. त्यात आज दुपारची मेल होती. खोलीला खिडकी नव्हती. खवट तेलाचा जुना वास तेवढा होता, आणि मशीनची किरकिर... कुणीतरी मागं बसून सावकाश सुपारी कातरावी तशी.

चहा घेऊन आलेल्या बेबाबाईंना तिनं विचारलं, नाना कुठं भेटतील. बेबाबाईंनी कप ठेवला, पदर सावरला आणि सांगितलं की नाना होळीलाच गेले, हार्टफेलनं, इथंच, याच खुर्चीत. रूही खुर्चीतून उठली.

"मग... त्यांच्या मेलला उत्तरं कोण देतं?"

"त्याच देतस," बेबाबाई हळूच म्हणाल्या. "बठ्ठा त्यासलेच इचारतस. गिरनीना नवा साहेब आठ दिन लावस. नाना लगेच सांगतस." म्हणजे अख्खी गिरणी अजून नानांनाच विचारत होती.

आता भुताला घाबरावं की आपल्या साहेबांना, हा प्रश्न कुणालाही पडेल. रूहीला तो फार वेळ पडला नाही, कारण पावणेपाच झाले होते. 'आदरणीय नाना' असं व्यवस्थित लिहून तिनं त्यांनाच मेलवर विचारलं, एक्केचाळिसावी डिरेक्टरी कुठं आहे. चहावर साय धरायच्या आत उत्तर आलं. 'दुसरी डिस्क माझ्या कपाटात, खालच्या खणात. काम झाल्यावर जागेवर ठेवणे.'

डिस्क होती. तिला ना वीज, ना वायर, वर धूळ मात्र बोटभर. आणि हाताला ती आत्ताच तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखी गरम लागली. तरी तिनं ती जोडली. एक्केचाळीस आणि एक्केचाळीस! तिला नाचावंसं वाटलं.

साहेबांना कळवण्याआधी तिनं उगाच पुन्हा एकदा मोजलं. डिस्कवर बेचाळीस...

नवी डिरेक्टरी पाच मिनिटांपूर्वीची होती, आणि तिचं नाव चक्क वाचता येत होतं: रूही. आत एकच पत्र. 'बुधवारची रजा मंजूर. रजेचे कारण त्या दिवशी भरून घेणे.' खाली नानांची सही.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. आकडे जुळले का, त्यांनी विचारलं. नानांनी उघडलेलं पुसायची तिची काय बिशाद? तिनं मेलमध्ये स्वतःच्या नावाचं फोल्डर उघडलं आणि घसा खाकरला.

"जुळले, सर. बेचाळीस आणि बेचाळीस."

साहेब खूश झाले. बुधवारी चाळीसगावला असंच काम आहे, म्हणाले, आता तूच एकटीनं जायचंस.

तिनं तर रजा मागितलीच नव्हती.