टेकडीवरून की ओढ्याकाठून

नगरपालिकेने नकाशा जिन्याखालच्या भिंतीवर लावला होता, आणि तोही इतका उंच की बघणाऱ्याची मान मोडावी. ती चवड्यांवर उभी राहिली. रोपवाटिकेतलं काम अर्धवट टाकून आली होती ती. नखांत माती, बाहीला ओल्या पाल्याचा वास…

नव्या कारखान्यांसाठी वीज कंपनी गावातून हाय टेन्शन लाइन नेणार होती. नकाशावर तिच्या दोन वाटा दाखवल्या होत्या. लाल रेघ टेकडीवरच्या वस्तीतून, निळी ओढ्याकाठून. कोणती हवी ते नगरपालिकेने ठराव करून कळवायचं, आणि वरची मंडळी सहसा तोच ठराव उचलून धरायची. निळी रेघ नेमकी तिच्या बाबांच्या रोपवाटिकेच्या डोक्यावरून गेली होती.

"इकडून न्यायला काय धाड भरली होती यांना?" ती पुटपुटली आणि तिने टेकडीवर बोट टेकवलं.

"जरा बोट उचलता का?" मागून आवाज आला. "माझ्या मावशीच्या स्वयंपाकघरावर आहे ते."

तिने वळून पाहिलं. कानामागे पेन्सिल खोचलेला एक उंच तरुण, आणि डोळ्यांत हसू असं, की रागवावं की हसावं तेच कळेना.

"मग तुम्ही टेकडीवरचे."

"आणि तुम्ही ओढ्याच्या. म्हणजे आपण शत्रू झालो." त्याने मान तिरकी केली. "शत्रूबरोबर चहा चालतो का?"

"चालतो. पण बिनसाखरेचा. तोंड आधीच कडू झालंय."

तो एका वास्तुविशारदाकडे नकाशे काढायचं काम करायचा. समोरच्या हॉटेलात चहा निवून गेला, तरी त्याची पेन्सिल कागदी रुमालावर चालूच होती. गावामागे बंद पडलेल्या रेल्वेचा जुना बांध होता. तिथे ना घर, ना झाड. लाइन त्या बांधावरून नेली तर कुणाच्याच डोक्यावर येणार नव्हती.

"मग कंपनीला हे सुचलं कसं नाही?"

"सुचलं असेल हो. पण वळसा पडतो, चार टॉवर जास्त लागतात. कुणी मागितल्याशिवाय ते कशाला देतील?"

"आपण मागू."

"आपण?" त्याने तो शब्द असा उच्चारला, की ती उगाच बशीतला चमचा सरळ करू लागली.

नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांनी त्या दोघांचं ऐकून घेतलं. निवृत्तीला टेकलेले, सर्दीने बेजार, पण मनाने सरळ. "तिसरा रस्ता सभेपुढे ठेवता येईल," ते म्हणाले. "पण एका बाजूने मांडायचा आणि दुसऱ्या बाजूने अनुमोदन द्यायचं. एकटा कुणी बोलला, तर दुसरा म्हणणार, ही ब्याद माझ्या गळ्यात मारायची चाल आहे. मग दोनच रेघा उरतील, आणि ज्याचे हात जास्त, त्याची सरशी."

मग सुट्टीच्या दिवशी दोघं बांधावर जाऊ लागली. टॉवर कुठे बसतील, वळण कुठे पडेल, सगळं मोजायचं होतं. गवत कमरेइतकं वाढलेलं, वारा कानात शिरणारा. टेपचं एक टोक त्याच्या हातात, एक तिच्या.

"ताणून धर," तो ओरडायचा. 'अहो'वरून 'अगं'वर कधी आला, ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"धरलंय!"

"आता जरा जवळ ये."

"जवळ आले तर टेप सैल पडेल."

"पडू दे की…"

आणि टेप खरंच सैल पडायची, गवतात वेटोळं करून बसायची, आणि त्या दिवसाचं माप राहूनच जायचं. असं होता होता, ज्या कामाला आठवडा पुरला असता, ते दोन महिने चाललं.

बाबा कमी बोलणारा माणूस. रोपवाटिकेत मागच्या बाजूला मातृवृक्षांची रांग होती. त्या थोराड झाडांच्या काड्या घ्यायच्या आणि त्यांची कलमं बांधायची, हे बाबांचं आयुष्यभराचं काम. लाइनखाली उंच झाड ठेवू देत नाहीत. रांग गेली, की कलमं गेली. एका संध्याकाळी बांधावरून तिच्याबरोबर आलेला तो झारी घेऊन रोपांना पाणी घालत होता. बाबा बराच वेळ बघत राहिले, मग हळूच म्हणाले, "पोरगा बरा आहे. पानांवर ओतत नाही, मुळाशी घालतो."

तिला त्या रात्री हसूच आवरेना.

सभेच्या आदल्या आठवड्यात, बांधावर भुरभुर पावसात भिजत, त्याने तिला विचारलं. नीट वाक्य काही जुळलं नाही त्याला. "म्हणजे बघ… हे सगळं झालं, की… म्हणजे नाही झालं तरी…"

"हो," ती म्हणाली.

"अगं, पण विचारू तर दे!"

"विचार ना. मी उत्तर देऊन ठेवलंय."

एक गोष्ट मात्र त्याने पुढे ढकलत नेली होती. त्याची मावशी टेकडीची नगरसेविका. आईवडिलांमागे तिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. 'आज सांगतो, उद्या सांगतो' करत अखेर सभेच्या सकाळी त्याने मावशीला सगळं सांगितलं. मावशी ओरडली नाही की रडली नाही. एवढंच म्हणाली, "टेकडीच्या लोकांना मी शब्द दिलाय, लाइन ओढ्याकडे जाईल. त्यासाठी लागणारे हात मी जमवलेत. ते सोडले आणि उद्या कंपनीने बांध नाकारला, तर लाइन टेकडीवरच येईल. आता माझ्याच घरातून भलतंच निघालं, तर निवडणुकीत तोंड कुठे दाखवू? बघ बाबा. तू शहाणा आहेस."

सभागृहात पंखे घरघरत होते. तिने तिसरा रस्ता मांडला. बांधावरची मापं एकेक करून वाचून दाखवली. नगराध्यक्षांनीही मान डोलावली. "कल्पना वाईट नाही. टेकडीकडून कुणी अनुमोदन देतंय का?"

तो तिसऱ्या रांगेत, मावशीच्या मागे बसला होता. तिने त्याच्याकडे पाहिलं. मान वर होईल, तो उठेल… आत्ता उठेल. मावशीने मागे वळूनही पाहिलं नाही, फक्त पदर सारखा केला.

"अनुमोदन?" नगराध्यक्षांनी पुन्हा विचारलं.

तो बुटांकडे बघत राहिला.

"नाही? मग ही सूचना बारगळली." हात वर झाले. निळी रेघ मंजूर झाली. कंपनीच्या साहेबाने निःश्वास टाकून बॅग बंद केली.

दुसऱ्या दिवशी तो रोपवाटिकेत आला. डोळे लाल, दाढी वाढलेली.

"तिने मला वाढवलंय गं. मला उठताच येईना…"

"तसं मला कालच सांगायचं होतंस. मी दुसरं कुणी शोधलं असतं. टेकडीवर एक तरी मिळालं असतं."

"मला वाटलं होतं, ऐन वेळी जमेल." तो जवळ आला. "आपल्यात तर काही बदललं नाही ना? लग्न करू. तू टेकडीवर ये, बाबांनाही आणू. मोठं घर आहे. आणि तिकडे… तिकडे तारा नाहीत."

तो हे अगदी मनापासून, मायेने बोलत होता. तेच जास्त लागलं.

"तिकडे तारा का नाहीत, ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "तू मला आवडतोस. आजही. खोटं कशाला बोलू? पण मी तुझ्याबरोबर जिथे जिथे बसेन ना, तिथे मला वाटत राहील, आता हा बोलेल, आता बोलेल. जन्मभर असं वाट बघत नाही बसवणार मला."

तो गेला. पुढे कंपनीची माणसं करवती घेऊन आली. बाबा त्या दिवशी घरातून बाहेर पडले नाहीत. ती मात्र शेवटचं झाड पडेपर्यंत उभी होती. रांग पडायच्या आधी जेवढ्या काड्या निघाल्या, तेवढ्यांची बाबांनी कलमं बांधून ठेवली. नंतर वाफ्यांत गुडघ्याएवढी फुलझाडं आली, आणि डोक्यावर तारा गुणगुणू लागल्या.

वर्षाने नगरपालिकेने टेकडीवर बाग करायचं ठरवलं. सावली देणाऱ्या झाडांची कलमं हवी होती, आणि तशी कलमं गावात एकाच ठिकाणी होती. ट्रक आला. सोबत नगरसेविकाबाईंचा भाचा.

तिने एकेक कुंडी तपासून ट्रकमध्ये चढवून घेतली. तो मदत करायला पुढे झाला, थबकला, बाजूला उभा राहिला.

"ही… त्याच झाडांची?"

"हो. आता याहून जास्त नाहीत."

"कशी लावायची, सांगशील?"

तिने पदराला हात पुसले आणि नव्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं सावकाश, नीट सांगितलं. "दोन झाडांत अंतर भरपूर ठेवा. खड्डा आठवडाभर उघडा राहू द्या, मग लावा. पहिला उन्हाळा जपा. तेवढा निभावलात, की तुम्हाला काही बघावं लागणार नाही."

"तुम्हाला?" त्याचा आवाज अगदी खाली गेला. "मला 'तुम्ही' म्हणतेस?"

फाटकाशी एक म्हातारी केव्हाची गुलाबाच्या रोपासाठी ताटकळत होती.

"आले हं आजी," ती म्हणाली, आणि तिकडे वळली.