चहाचा भोंगा

बाहुलीची समजूत काढण्यात हिंदुराव जगदाळेला काडीचा रस नव्हता. ग्रामीण रुग्णालयाच्या सभागृहात ती खुर्चीवर बसली होती. रबरी चेहरा, ओठ शब्दांच्या किंचित मागून हलणारे. सरकारी नाव 'प्रतिरुग्ण'. जीव नकोसा झालेल्या माणसापाशी जो सर्वांत आधी पोचतो त्याने काय बोलावं, हे तिच्यावर गिरवायचं. हिंदुराव रुग्णवाहिकेचा चालक, म्हणून त्याला सक्ती. एरवी मागे झोपवलेल्या माणसाशी हा महाभाग कधी चार शब्द बोलला नव्हता.

"हिला रडायला कोण शिकवतं, मॅडम?" त्याने विचारलं. वर्ग खिदळला.

"आपल्याच जिल्ह्यातली माणसं," प्रशिक्षक डॉ. केतकी बर्वे म्हणाल्या. "मदतवाहिनीवरच्या फोनमधून ही शिकते. नाव-गाव पुसलेलं असतं. बोलणाऱ्याची ओळख कुणालाच लागत नाही."

यंत्र बनवणाऱ्या शहाण्यांना फक्त शहर माहीत. तिथे नाव पुसलं की माणूस पुसला जातो. गावात माणूस ओळखायला नाव लागतं कुणाला?

"हं, हिंदुराव. सरळ विचारायचं. जीव द्यायचा विचार मनात येतो का?"

"असलं अभद्र कशाला बोलायचं? बायांची नाटकं असत्यात, मॅडम. दोन दिस माहेरी धाडली की उतरतंय." तो बाहुलीपुढे वाकला. "ए बाई, नाटकं बंद कर. ऊठ."

बाहुलीचे डोळे भरले. "घरीही असंच म्हणतात," ती बोलली. यंत्राने कुणाची तरी बोली धुऊन शुद्ध केली होती. "कोपऱ्यावर आले की रुग्णवाहिकेचा भोंगा वाजवतात. चहा टाक म्हणून. परवा भोंगा वाजला तेव्हा मी विहिरीच्या काठावर उभी होते. सवयीनं माघारी आले. चहा टाकायला."

कुणी हसलं नाही. चहासाठी भोंगा वाजवणारा दिवटा अख्ख्या तालुक्यात एकच होता. वर्गात बसलेला गावचा पोलीस पाटील आनंदा स्वतःच्या पायाकडे बघत राहिला. आशा सेविका सुलभाने तोंडाला पदर लावला.

"बघा, किती खरी वाटते!" मॅडम तेवढ्या खूश होत्या.

"हिंदुराव, घरी जा," आनंदा हळूच म्हणाला.

हिंदुरावने गाडी दामटली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला भीती वाटत होती, आणि तीही त्या बायकोसाठी, जिला त्याने किटलीइतकीच किंमत दिली होती. कोपऱ्यावर बोट बटणावर गेलं आणि थबकलं. वाजवावा, तर तोच माज. न वाजवावा, तर आज तिला काठावरून माघारी कोण आणणार?

त्याने गाडी तिथेच सोडली आणि तो धावत सुटला. घर उघडं होतं, चूल थंड होती. शालन विहिरीच्या काठावर बसली होती, पाय आत सोडून.

त्याला ओरडायचं होतं. पण वर्गात थट्टेवारी नेलेलंच आठवलं. तो हळूहळू जवळ गेला, तिच्या शेजारी टेकला, तिचा हात धरला.

"शालन," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. "जीव द्यायचा इचार येतो का मनात?"

तिने पाय वर घेतले. ती त्याच्याकडे वळली. मनातलं हे तिने एकदाच, मदतवाहिनीच्या फोनवर, हळू आवाजात सांगितलं होतं.

"तुमास्नी कुनी सांगितलं?"

सभागृहात बाहुलीला खोक्यात भरत होते. उद्या ती शेजारच्या तालुक्यात तेच बोलणार होती.