राश्कच्या शेजारची खुर्ची

मी एकही सूर सोडला नव्हता, आणि तरी त्यानं बटण दाबलं.

अंबरपेठेतल्या एका क्लिनिकमध्ये मी लोकांचे कान तपासते. पेशंटला आवाजबंद काचेच्या खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि बाहेरून बारीक बारीक सूर सोडायचे. ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. घाबरलेली माणसं चुकून दाबतातही. पण हा... बटण दाबून मागे वळला. मागे नुसती भिंत होती. दारात कुणी उभं असावं तसा तो त्या भिंतीकडे बघत राहिला.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "कान एकदम मस्त आहेत तुमचे. जरा जास्तच मस्त."

"जास्त म्हणजे?"

"मी गप्प असले तरी तुम्हाला ऐकू येतं."

तो हसला — उशिरा, आणि एकाच गालानं. नाव हर्षवर्धन. पुण्याचा, आयटीतला, मलकपेठेत भाड्यानं राहणारा. बाकावर ठेवलेलं पुस्तक उचलायला तो वाकला, आणि त्याचं मुखपृष्ठ बघून मी ओरडलेच, "अय्यो! राश्क? तुम्हीपण?"

राश्क ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इंग्रजी कादंबऱ्यांची एक मालिका आहे. त्यात एकेक सूर्य विझत चाललाय आणि जहाजं गिळणारा एक काळोख एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहाकडे सरपटत येतोय. अशा जगात हा राश्क — युद्धनौकेवरचा रसदीचा कारकून. शूरबिर अजिबात नाही, त्याला फक्त घरी जाऊन झोपायचंय. घाबरून तो पळतो, धडपडतो, पडता पडता नेमका हवा तोच खटका ओढतो आणि लढाई जिंकली जाते. बाकीचे मरतात. हा वाचतो. लोक त्याचे पुतळे उभारतात आणि हा पुतळ्यांच्या मागे लपतो.

"आमचा अड्डा आहे," मी म्हटलं. "रविवारी दुपारी, सुलतान बाजारात, शिवराजच्या कापडदुकानाच्या वर. या ना."

"मला वाद घालता येत नाही."

"नका घालू. तुम्ही चहा प्या, वाद मी घालते."

"हे मात्र नक्की तुम्हीच बोललात ना?" त्यानं विचारलं. मला हसू आलं. तो हसत नव्हता, हे मला फार नंतर कळलं.

तो आला. आल्या आल्या भिंतीकडेची खुर्ची धरली आणि शेजारच्या खुर्चीवर आपली बॅग ठेवली. मी ती बॅग उचलून खाली ठेवली आणि तिथं बसले.

"कुणासाठी राखली होती?"

"कुणासाठीच नाही. रिकामी हवी होती."

"आता नाही मिळणार."

आमच्या अड्ड्यावर मराठी, दखनी, तेलुगू सगळं एकाच कपात ढवळलेलं असतं. राश्क दर वेळी कसा वाचतो, यावर शिवराजचं म्हणणं ठरलेलं — "नसीब है यारो, नसीब!" कॉलेजात फिजिक्स शिकवणारी वैशाली म्हणायची, लाखो माणसांत एखादा वाचतोच, गोष्ट त्याचीच लिहितात. त्या दिवशी मी माझं म्हणणं मांडलं.

"राश्क नशीबवान नाहीये. तो काळोख त्याला पाळतोय. विचार करा, तो वाचतो म्हणून लोक त्याच्याजवळ येतात. त्याच्या जहाजावर चढायला धडपडतात. आणि काळोखाला तेच तर पाहिजे! राश्क गळाला लावलेलं आमिष आहे."

हर्षवर्धननं हातातला कप बशीत ठेवला.

"आणि हे राश्कला माहीत असेल तर?" त्यानं हळूच विचारलं.

"तर तो कुणालाच जवळ येऊ देणार नाही. एकटाच म्हातारा होईल, बिच्चारा!"

त्यानं माझ्याकडे बघितलं. इतकं सरळ मला कुणी कधी बघितलं नव्हतं. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या... आणि पाठीवरून मात्र काहीतरी गार सरकत गेलं.

तरी तो येत राहिला. अड्डा सुटला की मला बसस्टॉपपर्यंत सोडायचा, पण हातभर अंतर ठेवून. एका रविवारी पावसानं गाठलं, तर यानं छत्री लांबून माझ्यावर धरली आणि स्वतः भिजत चालला.

"मला काय करंट लागलाय?" मी विचारलं.

"तुम्हाला नाही."

"मग या ना आत. केवढी मोठी छत्री आहे."

"पुरते मला इथून," तो म्हणाला. त्याच्या पापण्यांवरून पाणी ओघळत होतं. त्या क्षणी मला तो आवडला... आवडला म्हणजे काय, गेलेच मी कामातून!

दिवाळीनंतरची गोष्ट. वाद ऐन रंगात आला होता, मी त्याच्या शेजारीच बसले होते. तेवढ्यात जिन्यातून हाक आली —

"त्रिवेणी..."

आवाज बाईचा नव्हता, पुरुषाचाही नव्हता. पण ओळखीचा होता. झोपेतून उठवताना घरातलं माणूस घालतं तशी मऊ हाक. मी उठले, दारापर्यंत गेले. जिना रिकामा. खालून कोऱ्या कापडाचा वास येत होता, बस्स. "कोण?" असं विचारणार, तोच माझ्या मागे खोली कोसळल्यासारखी झाली.

वळून बघितलं तर छताचा मोठा तुकडा पंख्यासकट खाली आला होता. नेमका माझ्या खुर्चीवर. खुर्चीचे पाय चारी दिशांना फाकले होते. पांढरी धूळ हळूहळू बसली, तेव्हा हर्षवर्धन दिसला. तसाच बसलेला. अंगावर ओरखडासुद्धा नाही.

शिवराज रडत होता आणि हसतही होता. "अरे, ये तो अपना राश्क निकला रे!"

ते ऐकलं आणि हर्षवर्धन उठला. माझ्याकडे न बघता जिना उतरून गेला.

त्यानंतर त्यानं फोन उचलला नाही. अड्ड्यावर आला नाही. रोज सकाळी रेसकोर्सच्या भिंतीकडेनं चालायला जातो असं तो एकदा बोलला होता. डिसेंबरातल्या एका सकाळी मी थेट मलकपेठ गाठली.

धुकं असं की समोरचा खांब दिसेना. भिंतीपलीकडे घोडे फिरवत होते. टापा ऐकू यायच्या, घोडा दिसायचा नाही. एखाद्या फटीतून वाफा सोडणारं तोंड क्षणभर दिसायचं आणि विरून जायचं. त्या धुक्यातून तो आला. मला बघून जागीच थांबला.

"इथं येऊ नकोस."

"'तुम्ही' सोडून 'तू' म्हणालास मला. आता तर नाहीच जाणार."

तो कसनुसं हसला. मग भिंतीला टेकून, माझ्याकडे न बघता बोलायला लागला.

"शाळेच्या सहलीत, घाटात... मागून कुणीतरी हाक मारली. माझ्याच नावानं. कोण ते बघायला मी मागच्या सीटवर गेलो, आणि बस कड्याला घासली. माझ्या जागेशेजारी सौरभ होता. मग हॉस्टेलवर. व्हरांड्यातून हाक आली, मी बाहेर आलो आणि खोलीची भिंत पडली. रूममेट आत होता. शेजारच्याला ऐकूच येत नाही, त्रिवेणी! ऑफिसात मला लकी म्हणतात, मॅचआधी हात लावून जातात. तू म्हणालीस ना, पाळतोय? मला लहानपणापासून तेच वाटत आलंय. पहिल्या दिवशी तुझ्या त्या काचेच्या खोलीतही हाक आली होती. कान तपासायला आलो होतो ते याचसाठी... वाटलं, निदान कान तरी खराब निघावेत."

मी विचारलं, "आणि छत पडलं त्या दिवशी? आली हाक?"

"नाही. तेच कळत नाहीये. तू का उठलीस?"

"मला आली. माझ्या नावानं."

पलीकडे टापा गोल फिरून पुन्हा जवळ आल्या, लांब गेल्या.

"म्हणजे आता तुलाही..." त्याचा आवाज फाटला.

"हौ. मलाही. आणि मी वाचले. तुझ्या शेजारी बसून वाचले! ते जे काय आहे, ते गिळतं की जपतं, मला माहीत नाही. अड्ड्यावर मी मोठी शहाणी होऊन बोलले. पण तू लांब राहिलास म्हणून हाक थांबणार आहे का? मग एकट्यानं कशाला ऐकायची?"

"आणि तुला काही झालं तर?"

"होईल तेव्हा होईल. आत्ता मला तुझ्याबरोबर गरम इडली खायचीय."

तो हसला. आणि पहिल्यांदाच ते हातभर अंतर ओलांडून जवळ आला. इतका, की त्याच्या स्वेटरवरचे धुक्याचे थेंब मला दिसले. बोलत बोलत आम्ही रस्त्याच्या कडेला आलो होतो.

"त्रिवेणी, मला तू... म्हणजे मी..."

"मोठ्यानं बोल ना."

"हर्षा..."

हे मी म्हटलं नव्हतं. माझ्या मागून, अगदी मानेजवळून आलं होतं. मी त्याची बाही धरून ओढली, आणि त्याच क्षणी त्यानं माझा दंड धरून मला खेचलं. आम्ही दोघं भिंतीवर आदळलो. दिवे न लावलेला पाण्याचा टँकर धुक्यातून निघाला, आम्ही उभे होतो तिथून गेला आणि पुन्हा धुक्यात शिरला. रस्त्यावर नुसती ओली रेघ राहिली.

"मला तुझं नाव ऐकू आलं," तो धापा टाकत म्हणाला.

"मला तुझं."

कितीतरी वेळ आम्ही एकमेकांना सोडलं नाही. त्याचं काळीज माझ्या कानाशी धडधडत होतं.

"आवडतेस," तो थरथरत म्हणाला. "हे सांगत होतो मघाशी. फार आवडतेस."

"ऐकलं मी," मी म्हटलं. "मलापण तू. फार."

फेब्रुवारीत आमचं लग्न झालं. शिवराज अजून नसीबच म्हणतो आणि वैशाली योगायोग. मी माझं म्हणणं मागे घेतलंय, नवीन काही सुचलेलं नाही. घरात मात्र आम्ही एक नियम केलाय. पाठीमागून हाक मारायची नाही. मला तो हवा असेल तर मी कणकेच्या हातांनी उठते, त्याच्या समोर जाऊन उभी राहते आणि मगच त्याचं नाव घेते.

कधी कधी सुट्टीच्या दुपारी दोघंही घरात असतो. तो वाचत असतो, मी मान टेकून पडलेली असते... आणि आतल्या खोलीतून नाव येतं. दोघंही एकदम वर बघतो. दोघांचेही ओठ मिटलेले असतात. मग कुणाचं नाव होतं, हे विचारत बसत नाही. एकमेकांचा हात धरतो आणि सोबतच घराबाहेर पडतो.