दोन दहाला पुसलेलं उत्तर

हेरबाईंनी आधी दाराचं कुलूप पाहिलं, मग घड्याळ. पाच वाजले होते. सहाच्या आत शेवटच्या परीक्षेचं उत्तर पुन्हा गेलं नाही, तर शिंपीणबाईंचं वर्षभराचं ऑनलाइन शिक्षण पाण्यात जाणार होतं आणि परगावची शिकवण्याची नोकरीही. घरातल्याच टॅबवरून कुणीतरी दुपारी दोन दहाला ते उत्तर पुसलं होतं.

हेरबाईंच्या सोबतीला आलेले निवृत्त कंपाउंडर खिडकीचे गज मोजत होते. त्या दोन खोल्यांत त्यांचा जीव घुसमटत होता.

शिंपीणबाईंच्या दिराने सरळ सांगितलं, वहिनीचं शिक्षण त्याच्या डोळ्यांत खुपतं. पण चोरांच्या भीतीने तो सकाळी वहिनी आणि आईला आत ठेवून बाहेरून कुलूप घालतो आणि एकुलती एक किल्ली खिशात ठेवतो. दिवसभर दुकानात होता. गिऱ्हाइकं साक्षीला होती.

शिंपीणबाई आतल्या खोलीत मशीनवर होत्या. टॅब बाहेरच्या खोलीत सासूबाईंच्या खाटेजवळ असतो, कारण चालू प्लग तेवढाच. धडे मोठ्याने लावायचे, उत्तरंही मोठ्याने वाचायची.

"पहिला धडाच असा, ताई. कुणी काही सांगितलं की विचारायचं, कशावरून?" बोलता बोलता शिंपीणबाईंनी बारीक सुईत एका दमात दोरा ओवला. "टॅबही जुना झालाय. अक्षरं आपोआप एवढाली होतात. रोज लहान करते."

पाय मोडल्यापासून सासूबाई खाटेला खिळल्या होत्या. आईला यातलं काही कळत नाही, दीर म्हणाला.

"कशावरून?" म्हातारीने विचारलं.

कंपाउंडर पुटपुटले, दिराकडे दुसरी किल्ली असणार. हेरबाईंनी मान हलवली.

"पुसणाऱ्याला अक्षरं मोठी लागतात आणि ती रोज मोठी होतात. दीर रोज दुकानात. शिंपीणबाईंची नजर तर आपण पाहिली. कुलपाआड उरलं कोण? धडे ऐकून प्रश्न विचारायला शिकलेली दुसरी विद्यार्थिनी."

सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. "हिला दार उघडेल, ही परगावी जाईल. मी कुणाशी बोलू? दिवसभर तेवढाच एक आवाज आहे मला."

शिंपीणबाईंना राग आला होता आणि रडूही. त्यांनी टॅब उचलला. "आई, आठवतंय उत्तर?"

"सगळं. लिही. तिसरा मुद्दा मात्र कच्चा होता तुझा."

सहाला आठ मिनिटं बाकी असताना उत्तर गेलं. मग शिंपीणबाईंनी सासूबाईंच्या नावाने प्रवेशाचा नवा अर्ज उघडला. टॅब इथेच ठेवून जाईन, रोज फोनवर तुमचा धडा ऐकेन, म्हणाल्या.

"वय काय लिहू, आई?"

"खरं लिही. ते विचारतील, कशावरून."

निघताना कंपाउंडरांनी दाराचं कुलूप उचलून आपल्या पिशवीत टाकलं. दिराने पाहिलं आणि खिशातली किल्ली काढून त्यांच्यापुढे धरली.